देव वजा केल्यावर श्राद्धात काय उरतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते कळेल. वडील जाऊन वर्ष होत आलं. दहावा, बारावा, तेरावा सगळं तुम्ही केलंत, पण मनाविरुद्ध. पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर उघड्या अंगानं बसून, गुरुजी म्हणतील ते मागोमाग म्हणताना आपण खोटं बोलतोय असं वाटत राहिलं. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि आईला ते रीतसर व्हायला हवंय. तुम्ही कॉलेजात असल्यापासून नास्तिक. म्हणून विचारताय, की देवच नाही म्हटल्यावर धर्माला काही अर्थ उरतो, की उरतं ते नुसतं नाटक?

मी पुण्यात २४ वर्षं पौरोहित्य करते. त्याआधी शाळेत संस्कृत शिकवायचे. लग्नं, मुंजी, वास्तुशांती सगळं सांगते. पण बाई आहे, वयही झालंय म्हणून असेल, लोक मला दुःखाच्या कार्याला जास्त बोलावतात. त्यामुळे तुमच्यासारखे यजमान मला नवे नाहीत. जानवं आदल्या दिवशी दुकानातून आणलेलं असतं. अपसव्य, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घ्या, म्हटलं की कुठला खांदा ते कळत नाही. आणि चेहऱ्यावर 'मला यात अडकवू नका' असं लिहिलेलं असतं. ('बाई, जरा लवकर आटपेल का?' असं विचारणारे मात्र बहुतेक वेळा देव मानणारे असतात. हा माझा अनुभव, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.)

'करून टाक रे, काय बिघडतंय, आईला बरं वाटेल' असा सल्ला तुम्हाला आत्तापर्यंत चार जणांनी दिला असेल. मी तो देणार नाही. त्या सल्ल्यात तुमचाही मान नाही आणि विधीचाही नाही. तोंडातून गेलेल्या शब्दाची ज्याला टोचणी लागते, तो माणूस विधी गंभीरपणे घेतोय असं मी समजते.

देव आहे की नाही हा तुमचा प्रश्नच नाही. तो तुम्ही तुमच्यापुरता सोडवलाय. तुम्हाला छळतोय तो प्रश्न वेगळा आहे: जे मी मानत नाही ते मी तोंडानं म्हणू का, आणि न म्हणता मागे काही शिल्लक राहतं का? याचं उत्तर थोडं तुमच्यावर आहे, थोडं तुमच्या आईवर, थोडं तुम्ही कुठल्या परंपरेतून आलात त्यावर. सगळ्यांना लागू होईल असं उत्तर कोणी दिलं तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

संस्कृतच्या बाईची सवय, म्हणून शब्दापासून सुरुवात करते. आस्तिक आणि नास्तिक हे शब्द पाणिनीनं 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' या सूत्रात साधलेत. 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं ज्याचं मत तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही? टीकाकार सांगतात, परलोक. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. देव या दोन्ही ठिकाणी नाही. निरीश्वरवादी हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

ही नुसती शब्दांची गंमत नाही. जैमिनीची पूर्वमीमांसा 'अथातो धर्मजिज्ञासा' या शब्दांनी सुरू होते. म्हणजे धर्म काय आहे ते शोधायलाच हे शास्त्र निघालंय. यज्ञ कसा करायचा, वेदातल्या वाक्याचा अर्थ कसा लावायचा, एका विधीतला नियम दुसऱ्याला कधी लागू होतो, याचा त्यात अक्षरशः कीस काढलेला आहे. आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना कुठे लागतच नाही. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणारे शबरस्वामी तर पुढे जाऊन म्हणतात, देवतेला शरीर असतं, ती येऊन हवि खाते, खूष होऊन फळ देते, हेही खरं नाही. त्याच परंपरेतले कुमारिल भट्ट जगत्कर्त्याची उलटतपासणी घेतात: त्याला शरीर नव्हतं तर निर्माण करायची इच्छा कुठून झाली? आणि दयेपोटी निर्माण केलं म्हणावं, तर दुःखानं भरलेलं जग कोण दयेपोटी निर्माण करेल? वैदिक कर्मकांडाची ज्यांनी सगळ्यात हिरिरीनं वकिली केली ते हे लोक. तुमच्या ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत होतात तसलेच त्यांचे प्रश्न होते, आणि ते मन लावून यज्ञही करत होते.

मग त्यांच्या मते यज्ञात घडायचं काय? होमात आहुती टाकताना यजमान म्हणतो, 'अग्नय इदं, न मम'. हे अग्नीचं, माझं नाही. मीमांसक म्हणतात याग म्हणजे हाच, द्रव्याचा त्याग. तूप जळणं पुढचं. 'माझं नाही' हे म्हणणं मुख्य. देवता म्हणजे त्या वाक्यातली चतुर्थी विभक्ती, कोणासाठी ते सांगणारी. एका वास्तुशांतीला मी हा अर्थ समजावून सांगत होते. दोन खोल्यांचा फ्लॅट, वीस वर्षांचं कर्ज. यजमान म्हणाले, "बाई, हे तर बँकपण म्हणते, तुझं नाही." सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतरच्या प्रत्येक आहुतीला 'न मम' त्यांनी एवढं खणखणीत म्हटलं की शेजारचे डोकावून गेले.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई आपलं दुकान सांभाळतायत.

चार्वाकांनी, म्हणजे परलोक न मानणाऱ्या जुन्या जडवाद्यांनी, श्राद्धावर घेतलेला आक्षेप मी यजमानांना स्वतःहून सांगते. मेलेल्याला इथलं अन्न पोचत असेल, तर गावाला निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरी त्याच्या नावानं पान वाढा, वाटेत त्याचं पोट भरेल! या युक्तिवादाला मला २४ वर्षांत उत्तर सापडलेलं नाही. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी मृताचा एकेक अवयव घडत जातो, असं गरुडपुराण सांगतं. तुम्ही ते मानत नसाल तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पिंड तांदळाचा असतो आणि शेवटी पाण्यात जातो, एवढं दोघांनाही दिसतं.

तरी मी हे काम का करते ते सांगायला मला कावळ्याची गोष्ट सांगावी लागेल.

दहाव्याला पिंड मांडून झाले की सगळे मागे सरतात, हे तुम्ही पाहिलंय. कावळे कठड्यावर येतात, मान वाकडी करून बघतात, आणि कित्येकदा शिवत नाहीत. दहा मिनिटं जातात, वीस जातात. मग कोणीतरी कुजबुजतं, 'काहीतरी राहिलंय यांचं.' आणि माणसं एकेक करून पुढे येऊन, हात जोडून पिंडाशी बोलायला लागतात. 'काकू, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू.' 'अण्णा, मी दारू सोडली, शप्पथ.' भर घाटावर, पन्नास माणसांच्या देखत, भाताच्या गोळ्याशी.

काही वर्षांपूर्वी दोन भाऊ होते. थोरला कामगार चळवळीतला, पक्का नास्तिक, येतानाच त्यानं मला बजावलं होतं, "मी फक्त बसणार, मनात काही नाही." गावच्या जमिनीवरून दोघा भावांत बोलणं नव्हतं आणि बहिणीला कोणी विचारलंच नव्हतं. कावळा शिवेना. अर्धा तास झाला. लोकांच्या नजरा भावांवरून बहिणीवर, बहिणीवरून भावांवर. शेवटी थोरला उठला, पिंडासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, ताईचा हिस्सा ताईला देतो. दोघं मिळून देतो." धाकट्यानं मान हलवली. कावळा तरीही आला नाही! मी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि पुढचं उरकलं. निघताना थोरला मला म्हणाला, "कावळ्यासाठी नाही बोललो. पण कावळ्याची वाट बघत उभं राहावं लागलं नसतं, तर बोललोही नसतो." सहा-सात महिन्यांनी बहिणीचा फोन आला, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून.

प्रत्येक वचनाचं असं होत नाही. घाटावर दिलेली वचनं पार्किंगपर्यंत टिकत नाहीत, हेही मी पाहिलंय. दारू सोडणारे अण्णांचे चिरंजीव त्यातलेच. पण माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. त्या अर्ध्या तासात तिथे देव लागला नाही. लागलं ते एवढंच: सगळ्यांना गप्प उभं करणारी एक रीत, ऐकायला चार माणसं, आणि बोलणाऱ्यानं खरं बोलणं. धर्माचा अर्थ मला तिथे दिसतो. आणि यातली तिसरी गोष्ट नसेल तर देव मानणाऱ्याचं श्राद्धही पोकळ असतं. म्हणून तुमची टोचणी मला रास्त वाटते. उपाय श्राद्ध सोडणं हाच आहे असं नाही. जे खरं म्हणता येईल तेवढंच म्हणायचं, हाही एक उपाय आहे.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? तुमचा घास नेमका कुठे अडकला असेल ते मला ठाऊक आहे. संकल्पात.

संकल्प म्हणजे खरं तर पत्ता आणि तारीख. शालिवाहन शक अमुक, अमुक मास, अमुक तिथी, दंडकारण्य देशात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, मी अमुक गोत्राचा अमुक, हे करतो. एकदा व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीतल्या मुलाला वडिलांचं श्राद्ध सांगत होते. 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' आलं आणि तो थांबला. म्हणाला, "पण मी तर डेलावेअरच्या काठी राहतो." मला इतका आनंद झाला! म्हटलं, मग डेलावेअर म्हण. जो माणूस नदीचं नाव चुकीचं घ्यायला तयार नाही, त्याचा संकल्प खरा. तर या पत्त्यानंतर येतं 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थम्'. आणि नास्तिकाची जीभ तिथे अडखळते.

पूर्वी मी यावर एक सोपा तोडगा काढला होता. यजमान नास्तिक आहे असं कळलं की तो शब्द गाळून पुढे जायचे, आणि हे मी फार पुढारलेलं काम करते असं मला वाटायचं. एका घरी असंच केलं. मुलगा खूष होता. विधी संपल्यावर त्याची आई, सत्तरीची, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही परमेश्वरप्रीत्यर्थ म्हणाला नाहीत. माझ्या नवऱ्याच्या श्राद्धातून देव कोणी काढला?" तिला संस्कृत येत नव्हतं. पण चाळीस वर्षं सासऱ्यांच्या श्राद्धाला बसून तिला त्या जागी तो शब्द ऐकायची सवय होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलाला विचारलं होतं, तिला विचारलंच नव्हतं. श्राद्ध एकट्या यजमानाचं नसतं हे मला, शिकवणाऱ्या बाईला, त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी आधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारते. बरेचदा असं ठरतं की तो शब्द मी म्हणायचा किंवा आईनं म्हणायचा, आणि मुलानं 'वडिलांच्या स्मरणार्थ' एवढं म्हणायचं. दोघांनी आपापलं खरं बोलायचं, एकाच पाटाशेजारी बसून. काही घरांत हे जमत नाही, आई म्हणते सगळं तूच म्हणायचं. तिथे मी मुलाला सांगते, मग हे तुझं श्राद्ध नाही, तू आईचा आवाज आहेस, तसं समजून म्हण. हे सगळ्यांना पटत नाही. पटलं नाही तर जबरदस्ती नको.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, चला, देव काढला तरी सगळं जागच्या जागी राहतं. तसं नाही. काही गोष्टी जातात, आणि त्यांचं नुकसान मोठं आहे.

भक्तीत देव वजा करता येत नाही. मीमांसकाला चतुर्थी विभक्ती पुरते. वारकऱ्याला विठ्ठल समोर उभा लागतो, त्याच्याशी भांडायचं असतं, रुसायचं असतं, त्याला माऊली म्हणायचं असतं. देव न मानता वारीला जाणारी माणसं मला माहीत आहेत, चांगली माणसं आहेत, चालण्यात आणि माणसांत त्यांना खूप काही मिळतं. पण ज्या बाईच्या डोक्यावर तुळस आहे तिला जे मिळतं तेच आपल्याला मिळालं, असं त्यांनी म्हणू नये. तुमच्या घरचा धर्म मुख्यतः भक्तीचा असेल, वडील माळकरी असतील, तर माझं वरचं बरंचसं विवेचन तुमच्या कामाचं नाही, हे मान्य करते.

दुसरी गोष्ट दिलाशाची. गेलेला माणूस कुठेतरी आहे, आपण पुन्हा भेटू, हा दिलासा देवाबरोबर आणि परलोकाबरोबर जातो. त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नाही. माझे पती गेले तेव्हा मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं सगळं माझ्यावर आलं. विधी मुलीनं केला. मला त्या दिवसांत देव सापडला नाही. पूर्वी होता, नंतरही अधूनमधून येऊन गेला, पण त्या तेरा दिवसांत नव्हता. हाताला काम मात्र होतं. तीळ निवडायचे, दर्भ मोजायचा, दर्भाची पवित्रकं वळायची. रात्री तीन वाजता जाग आली की काय करायचं, ते मात्र कुठल्याच पोथीत नव्हतं.

तिसरी गोष्ट मी जरा चिडून लिहिणार आहे. देव काढला म्हणजे धर्म आपोआप स्वच्छ होतो असा एक भोळा समज आहे. माझ्या पाहण्यातली कितीतरी माणसं देव सहज सोडतात आणि जात शेवटपर्यंत सोडत नाहीत. फोनवर स्वतःला निरीश्वरवादी म्हणवतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, "तुम्ही ब्राह्मणच ना?" वर ज्यांची मी एवढी स्तुती केली त्या जैमिनींच्याच सूत्रांत शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारलेला आहे. बाईला अधिकार दिला आहे, पण नवऱ्याबरोबर. म्हणजे माझ्यासाठी अर्धंच दार उघडलं, आणि तेही नवरा जिवंत असेपर्यंत. त्या दाराला कुलूप कुठल्या देवानं घातलं नव्हतं. ईश्वर न मानणाऱ्या फार हुशार माणसांनी, तर्कशुद्ध वाद करून घातलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात खोल विचार महाराष्ट्रात कोणी केला असेल तर तो डॉ. आंबेडकरांनी, असं मला वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हा निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला आणि मधला भट काढला. (माझ्या धंद्यावरच आलं ते, पण त्यांचं बरोबर होतं.) बाबासाहेब फुल्यांना गुरू मानायचे, पण त्यांनी दोन्ही काढलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांबरोबर त्यांनी धम्म स्वीकारला. देव नको म्हणणाऱ्या या माणसानं 'धर्मही नको' असं मात्र म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की धम्मात देवाच्या जागी नीती आहे. आणि धम्म ही एकट्या माणसाची खासगी गोष्ट नाही, दोन माणसं एकत्र आली की त्यांच्यातल्या वागण्यासाठी तो लागतोच. तुमच्या प्रश्नाला याहून सरळ 'हो' मला माहीत नाही. पण त्या 'हो'ला किंमत होती. त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशीही प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरातून कोणी मला बोलावलं तर मी नाही म्हणते, कारण त्यांचं खरं वाक्य तेच आहे, आणि ते मी त्यांच्याकडून मोडून घेणार नाही. पंचशील, त्रिशरण, पुण्यानुमोदन असे त्यांचे विधी आहेत, साक्षीला माणसं आहेत. त्यांना पिंडाची गरज नाही.

ज्या घाटावर तुम्ही बसला होतात त्याच्या शेजारीच नदीवर एक पूल आहे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक, एकेश्वर मानणारे, १९०६ सालापासून अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारे. त्यांचं नाव असलेल्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. दाभोलकर स्वतः नास्तिक, पण त्यांचं काम देवाविरुद्ध नव्हतं, देवाच्या नावानं चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध होतं. दहाव्याला घाटावर जाताना मला हा पूल लागतो. पितृदोष, नारायण नागबळी असं सांगून घाबरवलेलं कुटुंब माझ्याकडे येतं तेव्हा मला तो पूल हमखास आठवतो. मी त्यांना परत पाठवते. पाठवलं की ते दुसऱ्या कोणाकडे जातात, हेही मला कळतं.

आता तुमच्या वर्षश्राद्धाकडे येते. मी तुमच्या घरी येणार असते तर काय केलं असतं ते सांगते, त्यातलं जमेल ते घ्या.

सगळ्यात आधी आईशी बोला, पण देव आहे की नाही यावर बोलू नका. त्यांना विचारा, वर्षश्राद्ध झालं नाही तर काय होईल असं वाटतं? उत्तरं फार वेगवेगळी येतात. 'ते उपाशी राहिले असं वाटेल', 'जावा-नणंदा काय म्हणतील', 'माझ्यानंतर तू माझंही करणार नाहीस', 'एक दिवस तरी सगळे त्यांच्याबद्दल बोलतील'. या चौघींना चार वेगळी श्राद्धं लागतात. शेवटच्या बाईला कदाचित पिंड लागतच नाही, माणसं लागतात. पहिलीला खीर-वडे लागतात, आमसुलाची चटणी लागते, वडिलांच्या आवडीची एक भाजी लागते आणि कावळ्याला वाढलेलं पान लागतं. आणि तिसरीला जे हवंय ते तुमच्याकडून ऐकायचंय. ते तुम्ही एरवी तिला म्हणणार नाही, मला खात्री आहे.

मग गुरुजी कोण ते बघा. नेहमीचे असतील तर त्यांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा, मी नास्तिक आहे, मला अर्थ कळून करायचं आहे, जे म्हणवणार नाही ते म्हणणार नाही. बहुतेक गुरुजी समजूतदार असतात. त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. पिंडाशिवायही करता येतं. शिधा देऊन आमश्राद्ध होतं, पैसे देऊन हिरण्यश्राद्ध होतं, हे शास्त्रातलेच पर्याय आहेत, मी काढलेले नाहीत. काहीच नको असेल तर त्या दिवशी वडिलांच्या नावानं कोणाची तरी फी भरा आणि संध्याकाळी घरी माणसं बोलवा. 'न मम' तिथेही म्हणता येतं. मनात म्हटलं तरी चालेल, पण मग ती फी पुन्हा कोणाजवळ काढायची नाही.

तर्पण केलंत तर एक ओळ लक्ष देऊन ऐका: 'येऽबान्धवा बान्धवा वा येऽन्यजन्मनि बान्धवाः'. जे आमचे कोणी लागत नव्हते ते, जे लागत होते ते, जे दुसऱ्या जन्मी लागत होते ते, सगळे या पाण्यानं तृप्त होवोत. तुम्हाला तिसरे म्हणवणार नाहीत. पहिले दोन तर म्हणाल? माझ्या एका नास्तिक यजमानांनी 'अबान्धव' म्हणताना वडिलांना कोविडच्या वॉर्डात शेवटचं पाणी पाजणाऱ्या वॉर्डबॉयचं स्मरण केलं. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, तो असेल की नसेल तेही ठाऊक नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते, तुम्हीही बसा. आईला मागच्या खोलीत पाठवायचं नाही. 'त्यांनी पुढे येऊ नये' असं कोणीतरी म्हणेल, कोणीतरी म्हणतंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्यासाठी देव आहे की नाही हे त्यांना आधी ठरवावं लागलं नाही. तुम्हालाही नाही लागणार. बहीण असेल तर तिलाही शेजारी बसवा. मुलगी करत नाही असं गुरुजी म्हणाले तर गुरुजी बदला.

आणि हे सगळं करून, सगळ्यांशी बोलून, तुम्हाला वाटलं की नाही, मी बसू शकत नाही, तर बसू नका. आईला तसं सांगा, पण फोनवर नको, समोर जाऊन सांगा. त्या रडतील, चिडतील. कदाचित म्हणतील, मग मीच बसते. तसं झालं तर त्यांना बसू द्या. तुम्ही शेजारी बसून तीळ-पाणी हातात द्यायचं काम करा, त्याला श्रद्धा लागत नाही.

हो, एक राहिलं. तुम्ही लिहिलेली तारीख इंग्रजी कॅलेंडरची आहे. श्राद्ध तिथीला करतात. आधी पंचांगात बघून घ्या, वर्षभरात साधारण दहा-अकरा दिवसांचा, मध्ये अधिक मास आला तर अठरा-एकोणीस दिवसांचाही फरक पडतो, आणि तुमची रजा त्यावर अवलंबून आहे. आईला तिथी पाठ असेल, त्यांनाच विचारा.